नगरदेवापुढचं झबलं

हुंगसाहेबांनी हात पुढे केला तेव्हा युन-शीने न बघताच पिशवीत हात घातला आणि जे पहिलं झबलं हाताला लागलं ते बाहेर ओढलं. कडेवर नीनी झोपली होती, तिचं डोकं खांद्यावरून सारखं घसरत होतं. निवडत बसायला सवड कुठे होती? झबलं पांढऱ्या मलमलीचं, बाजूला नाड्या. नीनीची सगळी झबली तशीच. एका हाताने घडी घालताना गळ्याच्या आतल्या बाजूला दोऱ्याची एक बारीक गाठ तिच्या अंगठ्याखाली आली आणि निसटली.

"धुतलेलं आहे का गं?" हुंगसाहेबांनी विचारलं.

"हो, कालच."

"नसतं तरी चाललं असतं. या देवाला अंगाचा वास लागतो."

मागे उभे असलेले डोंगरवाले सभासद हसले. त्यांच्या शपथा आधीच उरकल्या होत्या. प्रत्येकाने आपल्या जिवाची शपथ घेतली होती, आणि बुटक्या आ-पाओने तर "माझा जीव देवाला नको असेल तर बायकोचा घ्यावा" असं म्हणून पुजाऱ्यालाही हसवलं होतं. युन-शीची गोष्ट वेगळी होती. सभापतिपदासाठी डोंगरवाल्यांचे हुंगसाहेब आणि बंदरवाल्यांचे वकील श्यू उभे होते, जिल्हा सभेत दोन्हीकडची डोकी सारखी पडली होती, आणि मध्ये उरली होती ती एकटी, अपक्ष.

"राग मानू नकोस, पोरी," हुंगसाहेब हळू आवाजात म्हणाले, "पण तुला पक्षाचं बंधन नाही. मग कशाचं तरी हवं ना?"

देव अंधारात बसला होता. धुराने तोंड काळं झालेलं, डोळे मात्र पांढरे. वरच्या तुळईला हिशेबाच्या मण्यांची माणसाच्या उंचीची चौकट टांगलेली. वारा नसताना तिच्यातला एखादा मणी खट्कन खाली यायचा. लेकराचं नाव या देवापुढे तोंडाने घ्यायचं नसतं. एकदा ऐकलेलं नाव तो विसरत नाही, असं म्हणतात. म्हणून नावाच्या जागी कपडा ठेवायचा.

युन-शी पुजाऱ्यामागून म्हणत गेली, "सभापतिपदासाठी माझं मत मी हुंग यांना देईन. शब्द फिरवला, तर ज्या लेकराचं हे झबलं आहे, त्याला नगरदेवाने जाब विचारावा."

वर खट्कन आवाज झाला. कडेवरची नीनी दचकून उठली. रडली नाही. देवाच्या पायाशी ठेवलेल्या झबल्याकडे टक लावून बघत राहिली.

*

मतदान होईपर्यंत सगळ्यांनी डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या हॉटेलात राहायचं होतं. दर वेळी असंच असतं. माणसं मोकळी ठेवली की समोरचे उचलून नेतात. दारातच भाताच्या मोठ्या कुकरात फोन गोळा केले गेले आणि आ-पाओने वर झाकण ठेवून म्हटलं, "मऊ शिजू देत."

हॉटेलात दुसरं कुणी नव्हतं. खिडकीबाहेर धुकं, आणि झऱ्याची वाफ त्यात मिसळून काचेला चिकटलेली. लांबलचक बोळाच्या शेवटी युन-शीला खोली दिली होती. "लेकराला शांतता मिळेल," असं सांगून. तिच्या दाराबाहेर एक खुर्ची होती आणि खुर्चीवर आळीपाळीने कुणीतरी बसलेलं असायचं.

ती इथे आली होती ती एका गोष्टीसाठी. नीनी सात महिन्यांची असताना तिला ताप चढून झटका आला होता. नवरा मालवाहू बोटीवर. किनाऱ्याच्या त्या टोकापासून शहरापर्यंत मुलांचा डॉक्टर असलेला दवाखाना नाही. युन-शीने एका हाताने गाडी चालवली आणि दुसऱ्या हाताची बोटं नीनीच्या नाकाशी धरली. श्वास लागतोय का, लागतोय का. वाटेतला घाट संपेपर्यंत ती माणूस राहिली नव्हती, नुसती बोटं उरली होती. नीनी वाचली. पुढे निवडणुकीत ती एवढंच बोलली, की किनाऱ्यावर मुलांचा दवाखाना हवा, दिवसरात्र उघडा. लोकांनी तेवढ्यावर तिला निवडून दिलं. हुंगसाहेब पहिले तिच्या दारात आले आणि "झालाच समज" म्हणाले.

पण पहिल्याच संध्याकाळी जेवताना त्यांची भाषा बदलली.

"होईल गं. पण अंदाजपत्रक बघावं लागेल. आधी डोंगरातले रस्ते आहेत, मग दवाखाना. पुढल्या वर्षी नाही, तर त्याच्या पुढल्या."

"तुम्ही याच वर्षी म्हणाला होतात."

"याच वर्षी म्हणजे, याच मुदतीत," आ-पाओ माशाचं डोकं फोडत म्हणाला. "राजकारणातलं वर्ष लांब असतं. माझ्या सासूच्या वयासारखं. दरवर्षी सत्तरच."

सगळे हसले. युन-शी हसली नाही. झबलं तिकडे देवापाशी होतं, आणि इथे वर्षं लांबत चालली होती.

नीनीचं काही खरं दिसत नव्हतं. देवळातून आल्यापासून ती दूध नीट ओढत नव्हती. झोपेत दोन्ही हात वर झटकायची. जागी असली की कोपऱ्याकडे बघायची, आणि बघता बघता तिची मान हळूहळू फिरायची, जसं कुणी भिंतीकडेने चालत जातंय. युन-शी तिच्या नजरेच्या रेषेत जाऊन उभी राहायची. मग नीनी तिच्या आरपार बघायची.

हुंगकाकूंना ते लगेच कळलं. हुंगसाहेबांची बायको सगळ्यांच्या खाण्यापिण्याचं बघायला हॉटेलातच राहिली होती. गोल, गरम हातांची बाई.

"घाबरलंय गं लेकरू. जीव बाहेर राहिलाय त्याचा. खालच्या गावात ल्याओ आजी आहे, जीव हाकारते. मी बोलावते तिला."

"काकू, मी तापाचं औषध आणलंय."

"ताप कुठे आहे? जे नाही त्याला औषध कशाला द्यायचं?"

युन-शीने कॉलेजात असल्या गोष्टींवर निबंध लिहिला होता, आणि गुणही चांगले मिळवले होते. ती म्हणाली, "बोलवा."

*

ल्याओ आजी दुपारी आली. वाळलेल्या आल्यासारखी बोटं, पायात रबरी बूट. आ-पाओ दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"तू का उभा?" आजीने विचारलं. "तुझाही जीव हरवलाय?"

"माझा कुकरात आहे, आजी. फोनसोबत."

आजीने एका वाटीत तांदूळ शिगोशीग भरले. "कपडा दे लेकराचा. तिचाच दे, उसना नको. जीव वासावर येतो."

या उसन्याचीच युन-शीला अडचण होती. पहिल्या वर्षात लेकराला अनेक घरचे कपडे घालायचे म्हणजे ते जगतं, अशी इकडची रीत, आणि नीनीला चहूकडून झबली आली होती. सगळी पांढरी, सगळी नाड्यांची. तिचं स्वतःचं म्हणून एकच. ते युन-शीने बाळंतपणाआधी हाताने शिवलं होतं आणि गळ्याशी दुधाचा एक डाग काही केल्या निघाला नव्हता. तेच देवळात दिलं, असं ती इतके दिवस धरून चालली होती. पिशवीत तेच कायम वर असायचं.

ती पिशवी उपसू लागली. तळाशी, लंगोटांच्या खाली, ते होतं. डाग होता. तिची तिरकी शिवण होती.

तिने शिवणीवरून अंगठा फिरवला, मग गळ्याच्या आतून.

म्हणजे देवापुढे दुसरंच कुणाचं तरी ठेवलं गेलं. तिला अंगठ्याखालची ती गाठ आठवली. या झबल्याला गाठ नव्हती. तिच्या छातीतून काहीतरी सुटलं आणि दूध आपोआप वाहू लागलं. नीनी शपथेत नव्हती. नीनी कधीच शपथेत नव्हती.

"सापडलं का?" आजी म्हणाली.

"सापडलं."

आजीने झबलं वाटीवर ताणून घट्ट बांधलं, वाटी उपडी करून नीनीच्या तोंडासमोर फिरवली आणि एका सुरात पुटपुटू लागली. नाकातून, भराभर, शब्दाला शब्द चिकटवून.

"नीनीच्या जिवा घरी ये, पुलावर घाबरला असशील घरी ये, कुत्र्याला भ्यायला असशील घरी ये, देवळात राहिला असशील घरी ये, वकील श्यू सांगतात घरी ये, मुलांचा दवाखाना बंदराच्या इस्पितळात घरी ये, पहिल्याच अंदाजपत्रकात दिवसरात्र डॉक्टर घरी ये, चौकात उभं राहून सांगायला तयार आहेत घरी ये, उपसभापतिपद हवं तर तेही घरी ये, डोंगरवाले रस्ते खातात तुला माहीत आहे घरी ये—"

युन-शीने मान न हलवता डोळे वर केले. आजीचे डोळे मिटलेले होते. दारात आ-पाओ जांभई देत होता.

"—सूर्याच्या वाटेने ये, पाण्याच्या वाटेने ये, आईच्या दुधाच्या वाटेने ये." सूर तुटला. आजीने डोळे उघडले आणि मोठ्याने विचारलं, "आली का?"

या प्रश्नाला आईनेच उत्तर द्यायचं असतं. दिलं नाही तर जीव उंबऱ्यावरून परत फिरतो. युन-शीने नीनीकडे पाहिलं. नीनी वाटीकडे बघत होती. कोपऱ्याकडे नाही, वाटीकडे.

"आली का?"

"आली," युन-शी म्हणाली.

"परत सांग."

"आली, आली."

आजीने कपडा सोडला. तांदूळ एका बाजूने सपाट बसले होते. ती वाटी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिली. आ-पाओ कंटाळून बोळात गेला, तेव्हा ती वळली.

"ज्याच्यासाठी मला पाठवलं ते झालं. आता माझं म्हणून एक सांगते. तुझी लेक आली. पण हे बघ." कडेला, बोट टेकवावं एवढा एक खळगा होता. "हा तुझ्या लेकीचा नाही. दुसऱ्या कुठल्या तरी लेकराला कुणीतरी बोलावून ठेवलंय."

"कुणाला?"

"तांदळाला नावं माहीत नसतात, बाई."

नीनी त्या दुपारी पोटभर प्यायली आणि मुठी सोडून झोपली.

*

दुसरा दिवस वर्षातला सर्वांत लहान दिवस होता. त्या दिवशी तांदळाच्या पिठाच्या लाल-पांढऱ्या गोळ्या आल्याच्या गोड पाण्यात उकळून खायच्या असतात. खाल्ल्या की वय एकाने वाढतं. हुंगकाकू परातीत गोळ्या वळत होत्या. युन-शी मदतीला बसली. बाजूला काकूंची नात खेळत होती. टिंगटिंग, चार वर्षांची, सकाळीच आजीकडे आली होती. ती लाल पिठाचे ठिपके नीनीच्या पायाच्या नखांना लावत होती, आणि नीनी खिदळत होती.

"बघ, हसली!" काकू म्हणाल्या. "ल्याओ आजीचा हात हलका आहे. आमच्या टिंगटिंगलाही तिनेच हाकारलं होतं, जन्मली तेव्हा. जगेल असं वाटत नव्हतं गं. एवढीशी, उंदराच्या पिल्लासारखी. तेव्हापासून मी हिच्या प्रत्येक कपड्याला गळ्याच्या आत लाल दोऱ्याची गाठ मारते."

युन-शीच्या हातातली गोळी चपटी झाली.

"गाठ कशाला?"

"कळावं म्हणून. सगळी झबली सारखीच दिसतात, आपल्याला आणि देवांनाही. गाठ असली की ओळख पटते. ही हुंगांची." काकूंनी गोळी पाण्यात सोडली. "तुला बोचकं दिलं होतं ना मी नीनीच्या बारशाला, त्यातही असेल बघ एखादं. लकी आहे, वापर."

टिंगटिंगने वर बघून विचारलं, "आजी, तो काळा आजोबा आपल्याकडे गोळ्या खायला येणार आहे?"

"कुठला काळा आजोबा?"

"स्वप्नातला. मण्यांचा."

"हिचं आपलं काहीतरी," काकू हसल्या.

त्या संध्याकाळी, सगळे जेवायला जमलेले असताना, युन-शी म्हणाली, "साहेब, ते झबलं मला परत मिळेल का? नीनीला कपडे कमी पडतायत."

हुंगसाहेबांनी तोंड पुसलं.

"मतमोजणी झाली की मिळेल. तू माझं नाव घेतलंस की झबलं तुझं."

"आणि दवाखाना?"

"पुन्हा दवाखाना!" आ-पाओ म्हणाला. "बाई, तू सभापती निवडतेयस की कंपाउंडर?"

"याच वर्षी, साहेब. उद्या चौकात उभं राहून सांगा. मी मत देते."

हुंगसाहेबांनी वाटी बाजूला सारली. "चौकात सांगितलं तर माझे डोंगरवाले मला फाडून खातील. तू मला कोंडतेयस, पोरी."

"मी नाही. मी फक्त विचारतेय."

"झबलं तिथे आहे," ते शांतपणे म्हणाले. "मला तेवढं पुरेसं आहे. तुला नसावं का?"

तिला वाटलं, आत्ता सांगावं. ते झबलं कुणाचं आहे ते. पण सांगितलं तर ते दुसरं मागतील. डागाचं. पिशवी तिच्या पायाशी होती. तिने पायाने ती खुर्चीखाली सरकवली.

*

मतदान गुप्त असतं. पण शिक्का चौकटीत कुठे मारायचा, ती जागा ज्याची त्याला वाटून दिलेली असते: कुणाची वर डावीकडे, कुणाची रेषेला चाटून, कुणाची उलटी. मोजणाऱ्याने मतपत्रिका उंच धरली की गॅलरीतून कळतं, कोण आलं, कोण नाही. युन-शीला हुंगसाहेबांच्या नावाखालचा उजवा कोपरा दिला होता. तिरका शिक्का.

पडद्यामागे गेल्यावर तिने शिक्का हातात धरला आणि उभी राहिली. कापड म्हणजे कापड, ती स्वतःशी म्हणाली. तांदूळ म्हणजे तांदूळ. तिने निबंध लिहिला होता. मग तिला कळलं, की हे खरं असेल तर ती दोघांपैकी कुणालाही मत देऊ शकते. आणि खरं नसेल, तर एका बाजूला श्यूंच्या निरोपात गुंफून हाकारलेला, तिने स्वतः "आली" म्हणून घरात घेतलेला नीनीचा जीव आहे, आणि दुसऱ्या बाजूला लाल पिठाने नखं रंगवणारी एक मुलगी. तिची बोटं आपोआप नीनीच्या नाकाशी धरल्यासारखी वाकली.

तिने शिक्का मारला. वकील श्यूंच्या नावावर, अगदी मधोमध.

मोजणी चालू असताना हुंगसाहेब प्रत्येक मतपत्रिकेबरोबर ओठ हलवत होते. तिरका कोपरा आला नाही. शेवटची पत्रिका वर गेली, बंदरवाल्यांच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या, आणि हुंगसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. कुणी ओरडलं नाही. आ-पाओसुद्धा नाही. तो तिच्याजवळून जाताना फक्त नीनीकडे बघून गेला, आणि त्या नजरेत राग नव्हता. कीव होती.

वकील श्यू तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "पहिल्याच अंदाजपत्रकात. लिहून ठेवा."

पायऱ्यांवर हुंगकाकू उभ्या होत्या. टिंगटिंग त्यांच्या कडेवर, जाड कोटात, गाल लालबुंद.

"चल," काकू म्हणाल्या. "शब्द मोडला की कपडा जाळायचा असतो, आणि ज्याने मोडला त्याने समोर उभं राहायचं असतं. ह्यांनी पुरुषांना पाठवलं असतं. मी म्हटलं, मी करते. लेकराचा कपडा आहे, शिव्या देत जाळू नये."

"काकू, टिंगटिंगला घरी ठेवून येऊ."

"कुणाकडे ठेवू? सकाळपासून अंगाला चिकटलीय. कपाळ जरा कोमट लागतंय. वारं लागलं असेल."

देवळाच्या अंगणात कागद जाळायची भट्टी पेटलेली होती. पुजाऱ्याने झबलं आणून काकूंच्या हातात दिलं. युन-शी नीनीला छातीशी धरून उभी राहिली. पिशवी खांद्याला. पिशवीत हात घातला की डागाचं झबलं हाताला लागत होतं. वरच. आज ते वरच होतं. तिने ते मुठीत धरलं. एक पाऊल पुढे टाकायचं, आणि म्हणायचं, ते नव्हे, हे.

नीनीचा श्वास तिच्या गळ्याला लागत होता. सरळ, गरम, एकापाठोपाठ एक.

"मी देवाला सांगते," काकू म्हणाल्या, "की आई चुकली, लेकराला हलक्या हाताने विचार. तेवढं करते तुझ्यासाठी."

युन-शीने तोंड उघडलं. धूर आत गेला.

"आजी," टिंगटिंग भट्टीकडे हात करून म्हणाली, "मला थंडी वाजते."

"झालंच गं, झालंच." काकूंनी नातीला खाली उभं केलं. झबलं तसंच आत टाकवेना. बायकांच्या हाताला सवय असते, त्यांनी ते आधी झटकलं, नाड्या आत घेतल्या आणि घडी घालायला सुरुवात केली. बाही बाहीवर. काठ काठावर. मग गळा.

त्यांचा अंगठा गळ्याच्या आतल्या बाजूने फिरला आणि थांबला.

आत, तुळईवर, एक मणी खट्कन खाली आला.